एकनळी बंदूक आणि जवसाचं तेल

विस्कॉन्सिनमध्ये आमच्या शेजारी एक म्हातारे गोपालक राहतात. त्यांच्या गोठ्याच्या माळ्यावर पडून गंजलेली सोळा बोअरची एकनळी यंदाच्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी मिळून साफ केली. नागपुरात हे कळल्यावर आईने आधी विचारलं, "पोलीस नाही येत का गं?" नाही येत. बंदूक त्यांची, आणि माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. नुसत्या व्हिसावर असलेल्यांना मात्र, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, इथे बंदूक बाळगता येत नाही.

बंदूक आयव्हर जॉन्सनची, 'चॅम्पियन'. मॅसॅच्युसेट्समधल्या फिचबर्गला बनलेली, शेतकऱ्याला परवडेल अशी. एक पौंड शिशाच्या सारख्या १६ गोळ्या केल्या तर एकीचा जो व्यास, तो सोळा बोअर, म्हणजे साधारण १६.८ मिमी. बाराबोरची नळी १८.५ मिमी. आकडा मोठा तशी नळी अरुंद.

आत भाग मोजकेच. वरची कळ अंगठ्याने सरकवली की नळी बिजागरीवर झुकते. चाप ओढला की कमानीच्या जोराने घोडा पडतो, पिन काडतुसाच्या टोपीवर आदळते. झिजायच्या जागाही ठरलेल्या: बिजागरीची पिन आणि कळीचा अडसर. बंद केलेली नळी हलवून पाहायची. खुळखुळली तर आधी त्याचा इलाज, पॉलिशचं नंतर.

गंजावर पातळ तेल सोडून सगळ्यात बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासायचं. सॅंडपेपर अजिबात नाही. कोरलेली अक्षरं एकदा पुसली गेली की गेली. मधल्या लोखंडी सांगाड्यावर पावसाच्या पाण्यात पेट्रोल सांडावं तसे निळे-तपकिरी रंग दिसतात. हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात तापवून पाण्यात विझवल्याने ते येतात. जुन्या बंदुका आरशासारख्या चकचकीत करणारे लोक मला समजतच नाहीत.

अक्रोडाच्या दस्त्यावरचे पोचे ओला फडका ठेवून वरून इस्त्री टेकवली की वाफेने वर येतात. मग जवसाचं तेल, तळहाताने, पातळ थरात. विदर्भाच्या पोरीला जवस म्हणजे चटणी! पण तेलाचे फडके बोळा करून टाकू नका. वाळताना ते तापतात आणि आपोआप पेट घेतात. पसरूनच वाळवायचे.

खरी भानगड काडतुसाच्या घराची, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेची. जुन्या सोळा बोअरमध्ये ते बऱ्याचदा ६५ मिमीचं असतं आणि आजचं काडतूस ७० मिमीचं. ही लांबी उडाल्यावर उघडलेल्या काडतुसाची, त्यामुळे न उडालेलं आत बिनबोभाट बसतं, बंदूक बंदही होते. उडताना तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब भलताच वाढतो. म्हणून शेजारच्या आजोबांनी बंदूक आधी कारागिराकडे नेली. घर ६५ मिमीचंच निघालं. आता ते आखूड काडतुसं मागवणार आहेत.

नागपुरात महाल भागातल्या माझ्या काकांकडेही पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बाराबोर आहे, उमरेडकडच्या शेतातल्या रानडुकरांसाठी घेतलेली. हे फोटो पाहून त्यांना लगेच स्क्रू-ड्रायव्हर काढायची हुक्की आली. काका, १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. तुमची परवानाधारक कारागिराकडेच न्या. दस्त्याला जवसाचं तेल लावायचंच असेल तर तेही त्यालाच सांगा.