एका लिथियम सेलवर सहा व्होल्ट: बूस्ट सर्किट बांधण्याचा माझा अनुभव

विमानांची लहान मॉडेल करण्यासाठी मला एक्सपीएस (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन) फोमचे पंख तापलेल्या तारेने कापावे लागतात. टेबलावरचे कटर ट्रान्सफॉर्मरवर चालते, पण पंखाच्या कडा आणि कोपरे साफ करण्यासाठी हातात मावणारी, वायर न लोंबकळणारी धनुकली हवी होती. त्यासाठी ३० गेजची (एसडब्ल्यूजी मापाची) निक्रोम तार घेतली. तिचा रोध मीटरला सुमारे १४ ओहम असतो, म्हणजे २२ सेंटीमीटरच्या तुकड्याचा रोध साधारण ३.१ ओहम भरतो. फोम स्वच्छ कापला जाण्यासाठी या लांबीला अकरा वॅटच्या आसपास उष्णता लागते, हे टेबलावरच्या कटरवर आधीच पडताळलेले होते.

१८६५० आकाराचा लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. तार थेट त्याला जोडली तर जेमतेम पावणेसहा वॅट मिळतात, आणि सेल ३.३ व्होल्टवर येईपर्यंत त्यांचे साडेतीन होतात, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. तार सुरुवातीलाच कमी तापणार आणि कापता कापता आणखी थंड होत जाणार, असे हे दुहेरी दुखणे होते. म्हणून सेलचे व्होल्टेज सुमारे सहापर्यंत चढवून तिथे स्थिर धरणारे बूस्ट सर्किट आवश्यक ठरले.

हीच अडचण इलेक्ट्रॉनिक सिगारेट घरी बांधणाऱ्या परदेशी छंदिष्टांपुढे पूर्वीच आली होती. तिथेही एक सेल, दोन-तीन ओहमची वेटोळी आणि मुठीत मावेल एवढीच जागा असते. त्यांच्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे पीटीएन०४०५०सी हे तयार मॉड्यूल बरेच वापरले गेले. ते २.९५ ते ५.५ व्होल्ट घेऊन ५ ते १५ व्होल्ट देते, एका रोधाने आउटपुट ठरवता येते, आणि त्याची मर्यादा १२ वॅटची आहे. आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात हे सगळेच बंद आहे, आणि मला त्या वस्तूत रसही नाही; परंतु सर्किटपुरता विचार केला तर माझी धनुकली आणि ते उपकरण यांत फारसा फरक नव्हता.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बूस्ट मॉड्यूल मागितले की बहुधा एमटी३६०८ किंवा एक्सएल६००९ हातात पडते. दोन्ही स्वस्त आहेत आणि दोन्ही या कामाच्या उपयोगाची नाहीत. पहिल्यातील स्विचची प्रवाहमर्यादा चार अँपिअरची असली, तरी चिमुकली चिप आणि तिच्यासोबतची बारीक कॉइल एवढी उष्णता सतत सोसू शकत नाही. दुसऱ्याच्या डेटाशीटमधील, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकातील, इनपुट व्होल्टेज मुळात पाचपासून सुरू होते. विक्रेते आउटपुटचा आकडा ठळक छापतात, पण बूस्ट सर्किटची खरी परीक्षा इनपुटच्या बाजूला होते. बाहेर ११.४ वॅट हवे असतील आणि कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर सेलकडून सुमारे १२.७ वॅट ओढावे लागतात. भरलेल्या सेलवर हा प्रवाह तीन अँपिअर असतो आणि ३.३ व्होल्टवर तो ३.८ अँपिअर होतो. सेल जितका थकतो तितकी त्याच्याकडून मागणी वाढते, मागणी वाढली की व्होल्टेज आणखी खचते, आणि वाटेत कुठे अनावश्यक रोध असेल तर शेवटी सर्किट अचानक कोसळते.

म्हणून टीपीएस६१०८८ ही चिप निवडली. तिचे इनपुट २.७ व्होल्टपासून चालते, आतील स्विच दहा अँपिअरचे आहेत, आणि डेटाशीटमधील उपयोगांच्या यादीत ई-सिगारेटही आहे. आउटपुट ज्याच्याशी ताडून पाहिले जाते ते फीडबॅकचे संदर्भ व्होल्टेज १.२०४ असल्यामुळे आउटपुट विभागणाऱ्या दोन रोधांपैकी खाली ५६ किलोओहम आणि वर २२० किलोओहम लावल्यावर ५.९३ व्होल्ट मिळतात, ते मला पुरेसे होते. स्विचिंग ६०० किलोहर्ट्झच्या आसपास ठेवले आणि २.२ मायक्रोहेन्रीची कॉइल घेतली. तिच्यातील प्रवाहाचे शिखर साडेचार अँपिअरच्या जवळ जाते, म्हणून सात अँपिअरच्या पुढे संपृक्त होणारी कॉइल पसंत केली. आउटपुटला २२ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर लावले, तेही २५ व्होल्टचे, कारण कमी व्होल्टेजच्या सिरॅमिकवर डीसी दाब आला की त्याची धारिता मोठ्या प्रमाणात गळते.

चिपला बाहेर आलेले पाय नाहीत आणि पोटाखाली पॅड आहे, त्यामुळे साधे सोल्डरिंग आयर्न चालत नाही. छोटी दोनपदरी पीसीबी बाहेरून करून घेतली, स्टेन्सिलने सोल्डर पेस्ट लावली आणि हॉट एअरने चिप बसवली. आखणीत एका गोष्टीबाबत मी हट्टी राहिलो: आउटपुटचा पहिला कपॅसिटर चिपच्या आउटपुट आणि ग्राउंड पिनांना अगदी खेटून असला पाहिजे. स्विचिंगचा तीव्र प्रवाह याच वळशातून फिरतो आणि वळसा लांबला की ऑसिलोस्कोपवर स्विच पिनेवरील थरथर लगेच वाढलेली दिसते.

बूस्ट रचनेचा एक गुण नवख्याला चकवतो. चिपचा एनेबल (चालू-बंद करणारा) पिन खाली ओढून ती बंद केली, तरी कॉइल आणि चिपमधील वरच्या मॉसफेटचा (ट्रान्झिस्टर-स्विचचा) अंगचा डायोड यांतून सेल आउटपुटला जोडलेलाच राहतो. तार मंद तापत राहते आणि सेल रिकामा होत जातो. त्यामुळे तारेच्या ग्राउंडकडील टोकाला एओ३४०० हा मॉसफेट घातला, जो अडीच व्होल्टच्या गेटवरही नीट उघडतो. बटण आणि तीन व्होल्टला आउटपुट पाडणारी व्होल्टेज डिटेक्टर चिप मिळून त्याचे गेट चालवतात. सेल संपत आला की भार सुटताच व्होल्टेज पुन्हा वर येते आणि तार चालू-बंद होऊ लागते; डिटेक्टरमध्ये विलंब असल्यामुळे ही उघडझाप संथ असते आणि सेल बदलण्याची सूचना म्हणून मी ती तशीच ठेवली आहे.

चार्जिंगसाठी सर्रास मिळणारे टीपी४०५६चे बोर्ड मी मुद्दाम टाळले. त्यावरील डीडब्ल्यू०१ आणि ८२०५ ही सेलचे संरक्षण करणारी जोडी साधारण तीन अँपिअरलाच पुरवठा तोडते, म्हणजे ऐन कापताना धनुकली बंद पडली असती. सेल काढून वेगळ्या चार्जरवर भरतो, धन टोकालगत सात अँपिअरचा फ्यूज आहे, आणि सेल दहा अँपिअर सतत देऊ शकणारा, खात्रीच्या दुकानातला घेतला आहे. फ्यूजच्या बाबतीत काटकसर करू नये, कारण आउटपुट शॉर्ट झाले तर त्याच डायोडच्या वाटेने सेल थेट शॉर्ट होतो आणि चिपला काहीही करता येत नाही.

मोजमाप घेताना ३.७ व्होल्टवर ३.४ अँपिअर आत जात होते आणि तारेत सुमारे ११.३ वॅट पडत होते. मात्र सेल होल्डरच्या स्प्रिंगवरच तीन दशांश व्होल्ट खर्च होत होते आणि स्प्रिंग हाताला गरम लागत होती. तिच्यासमवेत तांब्याची सपाट वेणी सोल्डर केल्यावर तो ऱ्हास मीटरवर जाणवेनासा झाला. चिप, कॉइल किंवा कपॅसिटर बदलून एवढा फायदा झाला नसता. निक्रोमचा रोध तापल्यावर थोडाच वाढतो, त्यामुळे बल्बसारखा सुरुवातीचा धक्का सर्किटला बसत नाही. आता २५०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर सलग धरले तर अर्ध्या तासाहून थोडे अधिक कापता येते. तीस सेंटीमीटरची धनुकली करायची झाली, तर दोन सेल एकापाठोपाठ जोडून इनपुटकडील प्रवाह निम्मा करण्याचा विचार आहे.