आमच्या बोळातला किरणोत्सव

ऑफिसात दिवसभर मी दुसऱ्यांच्या कामाचे प्रोग्रॅम लिहितो. घरी आल्यावर जे लिहितो ते कुणाच्याच कामाचं नसतं. गेल्या पावसाळ्यात गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे हे मोबाईलवर दाखवणारं यंत्र बसवलं. आवाज पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून अंतर काढायचं. गणित सोपं, पण हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो. त्यामुळे भर दुपारी, नळाला पाणी नसताना, आमची टाकी आपोआप बोटभर भरायची! मग आत तापमान मोजणारा दुसरा सेन्सर टाकला. आई मात्र अजूनही टाकीवर टिचकी मारते, आवाज ऐकते आणि सांगते, "निम्मी हाय."

पण खरं वेड उन्हाचं.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घर जुनं, दार मावळतीकडं. वर्षातून दोनदा, थंडीच्या अलीकडे आणि पलीकडे, संध्याकाळचं ऊन बोळातून सरळ आत शिरतं, माजघर ओलांडतं आणि स्वयंपाकघरातल्या फडताळावर, लोणच्याच्या बरणीवर जाऊन बसतं. दोन-चार मिनिटं बरणी आतून पेटल्यासारखी दिसते. बाबा म्हणायचे, "आपल्याकडंबी किरणोत्सव!"

खरा किरणोत्सव अंबाबाईच्या देवळात. नोव्हेंबरची ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले, धुरकं असलं, वाटेत कुणी मजला चढवला, की किरण मध्येच थांबले अशी चर्चा गावभर. या तारखा मी लहानपणापासून ऐकल्या होत्या, पण याच का, हे पायथन या संगणकाच्या भाषेत चार ओळी लिहीपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला. तिथून ४१-४२ दिवस मागं गेलं की पहिली तारीख, तेवढेच पुढं गेलं की दुसरी. जाताना आणि येताना सूर्य त्याच जागी मावळतो, पश्चिमेपासून साधारण १८ अंश दक्षिणेला. त्या दिवसांत त्याची मावळायची जागा रोज त्याच्या बिंबाच्या जेमतेम निम्मी सरकते. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या दिवसात फरक एका सूर्याएवढा. एवढ्यावर आख्खा उत्सव! ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांच्याकडं लॅपटॉप नव्हता, हे माझ्यासारख्यानं मनात घोळवत बसण्यासारखं आहे.

मजा घड्याळाची. जागा तीच, पण नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो आणि फेब्रुवारीत साडेसहाला. पृथ्वीचा आस कललेला, कक्षा लंबगोल. त्या दोघांच्या भांडणात अर्धा तास इकडचा तिकडं होतो. मला आधी वाटलं प्रोग्रॅममध्ये बग आहे. दोन रात्री तो शोधला. बग नव्हताच.

तर म्हटलं, आपल्या बरणीची तारीख काढू. उंबऱ्यात उभं राहून मोबाईलच्या होकायंत्रावर बोळाची दिशा घेतली. उत्तर आलं ४ नोव्हेंबर. रजा टाकून, चहा घेऊन, माजघरात पाट मांडून बसलो. ऊन आलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरापर्यंत, आणि तिथंच विझलं.

आई म्हणाली, "कशाला मोजायलास? तुळशीचं लगीन जवळ आलं की येतंय ते."

मी तिला समजावलं की तिथी सूर्याशी बांधलेली नसते, अधिक मास असतो, तुळशीचं लग्न दरवर्षी मागंपुढं होतं. "व्हय, मग हेबी मागंपुढं होतंयच की," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. वाद तिनं जिंकला असं मी अजून मान्य केलेलं नाही.

१४ तारखेला मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना तिनं फोटो पाठवला. बरणी पेटलेली. खाली एक शब्दही नाही.

दहा दिवस चुकलं कुठं? उंबऱ्याशेजारी लोखंडी जाळीचं दार, त्याला टेकलेली माझी मोटारसायकल. होकायंत्रानं तीन अंश फसवलं होतं, आणि त्या दिवसांत तीन अंश म्हणजे बरोबर दहा दिवस. मग उलटं केलं. सूर्य खरा धरला आणि त्याच्यावरून दाराचा कोन काढला. आता हिशोब असा बसला की पुढचं ऊन २८ जानेवारीला, सव्वासहानंतर.

त्या दिवशी आई, मी आणि शेजारची दोन पोरं बसलो. ऊन बोळात आलं, उंबरा चढलं, माजघर निम्मं ओलांडलं आणि मधोमध एक काळा गोल पडला. समोरच्या गच्चीवर काकूंनी संक्रांतीनंतर नवी टाकी बसवली होती. तिची सावली बरोबर बरणीवर.

रात्री मी टाकीसुद्धा प्रोग्रॅममध्ये घातली. चार फूट उत्तरेला सरकली तर काम होईल. सांगायला जायचं धाडस मला नव्हतं, आईच गेली. परत आली ती हसतच. काकू म्हणाल्या होत्या, "सरकवते की. पण तुझ्या पोराला सांग, आमच्या टाकीतबी ते पाणी दाखवायचं यंत्र बसवून दे म्हणावं."