अनुस्वार गिळणारा स्कॅनर

आजोबांच्या कवितांचं पुस्तक स्कॅन करायला घेतलं तेव्हा वाटलं, एका रविवारचं काम. १८४ पानं. फाइल लहान होते म्हणून 'ब्लॅक अँड व्हाइट' निवडलं आणि संध्याकाळपर्यंत उरकलंसुद्धा. आई स्क्रीनवर वाचायला बसली आणि दुसऱ्याच पानावर अडली. "हे 'मद गध' काय लिहिलंय अण्णांनी?"

'मंद गंध' होतं ते.

त्या मोडमध्ये प्रत्येक पिक्सेल एकतर काळा नाहीतर पांढरा. फिकट शाईचं टिंब पांढऱ्यात जमा झालं की गेलंच, मागाहून काही करता येत नाही. ग्रेस्केलमध्ये करड्या रंगाच्या २५६ छटा हातात राहतात. काळं काय नि पांढरं काय, हे नंतर निवांत ठरवता येतं. चुकलं तर पुन्हा ठरवता येतं.

म्हणून सगळं पहिल्यापासून. यावेळी ग्रेस्केल, ६०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ६०० पिक्सेल. एरवी ३०० पुरतं, पण अर्ध्या मिलिमीटरच्या टिंबाला ३००वर जेमतेम सहा पिक्सेल रुंदी मिळते, ६००वर बारा. फायली टिफ या प्रकारात ठेवल्या, कारण फाइल लहान करणारं जेपीईजी अक्षरांच्या कडेला धुरकट ठिपके सोडतं.

कागद पातळ, त्यामुळे मागच्या पानाची अक्षरंही उमटत होती. त्यावर उपाय अगदी साधा निघाला: पानामागे काळा कार्डपेपर. झाकणाचा पांढरा रंग उजेड परत फेकतो, काळा फेकत नाही. पान जरा काळवंडतं, ते फोटो-एडिटरच्या 'लेव्हल्स'मध्ये उजळता येतं. शिवणीजवळच्या ओळी मात्र पुसटच आल्या. माझ्या चपट्या स्कॅनरचा फोकस काचेपुरताच. पान दोन-चार मिलिमीटर उचललं गेलं की अक्षरं विरघळतात. पुस्तक उसवलं असतं तर सुटला असता प्रश्न. नाही उसवलं.

आणि मग एका पानावर 'जग'चा 'जंग' झाला! काचेवर धुळीचा कण होता. आधीची पानं पाहिली तर सगळीकडे त्याच जागी तोच ठिपका, फक्त तिथं समास असल्यानं लक्षात आला नव्हता. काच पुसली (पाणी कापडावर घ्यायचं, काचेवर नाही) आणि ती एकतीस पानं परत केली.

काल आईनं आणखी एक हरवलेला अनुस्वार दाखवला. मी मूळ पुस्तक काढून भिंगाखाली धरलं. तिथं तो छापलेलाच नव्हता.