ब्लाइंड फेथची दुसरी बाजू

ब्लाइंड फेथ या इंग्लिश रॉक बँडबद्दल ओळखीतले लोक मला बरेचदा विचारतात, "एकच अल्बम, त्यात सहा गाणी, वर्षसुद्धा न टिकलेला बँड. त्याच्यावर तुमचा एवढा जीव का?" विचारणाऱ्याला बँड माहीत असला तर पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. "त्यातलं एक गाणं तर पंधरा मिनिटांचं भरताड आहे."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मीसुद्धा कितीतरी वर्षं हेच म्हणत होते, आणि तेही ती पंधरा मिनिटं न ऐकता. माझ्या मामेभावानं मला हा अल्बम कॅसेटवर भरून दिला होता, पण फक्त पहिली बाजू. "दुसऱ्या बाजूला नुसते ड्रम्स आहेत," असं म्हणून उरलेल्या टेपवर त्यानं क्रीम या गाजलेल्या बँडची गाणी भरली. त्याचं प्रेम खरं होतं, कॅसेट मी झिजेपर्यंत ऐकली. पण अर्धा अल्बम कापून त्या जागी क्रीम बसवणं, हेच या बँडच्या बाबतीत सगळ्यांनी केलं, हे मला फार उशिरा कळलं.

नोव्हेंबर 1968 मध्ये क्रीमनं लंडनमध्ये निरोपाचा कार्यक्रम केला. त्यातल्या तिघांच्या रोजच्या जुगलबंदीला गिटारवादक एरिक क्लॅप्टन कंटाळला होता. 'द बँड' नावाच्या गटाचा पहिला अल्बम ऐकल्यापासून त्याला तसं, गाण्याला धरून वाजवायचं होतं. इकडे गायक आणि ऑर्गनवादक स्टीव्ह विनवुडचा ट्रॅफिक हा बँडही थांबला होता. दोघं एकमेकांच्या घरी निवांत वाजवत बसायचे. तिथे एक दिवस क्रीमचा ड्रमर जिंजर बेकर येऊन पोहोचला. क्रीममधला जोडीदार इतक्यात परत बरोबर घ्यायला क्लॅप्टनचं मन तयार नव्हतं, विनवुडनं आग्रह धरला. मग 'फॅमिली' बँडमधून रिक ग्रेच आला, बास आणि व्हायोलिन घेऊन. घरी बसून वाजवणाऱ्या माणसांचा झाला सुपरग्रुप, म्हणजे आधीच नावाजलेल्या कलाकारांचा बँड, आणि 7 जून 1969 ला पहिलाच जाहीर कार्यक्रम लंडनच्या हाइड पार्कमध्ये, लाखभर लोकांपुढे!

त्यानंतरचा हिशेब फार कमी लोक करतात. अमेरिकेचा दौरा 12 जुलैला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुरू झाला. अल्बम दुकानात आला ऑगस्टमध्ये. म्हणजे त्या प्रचंड सभागृहांमध्ये बसलेल्या बहुतेकांनी ही गाणी तोवर ऐकलेलीच नव्हती. ते क्रीमची गाणी मागत होते, आणि बँडला ती वाजवावी लागत होती. क्लॅप्टनचं लक्ष हळूहळू दौऱ्यात आपल्याआधी वाजवणाऱ्या डिलेनी अँड बॉनी या बँडच्या मंडळींकडे वळलं, त्यांच्याबरोबर प्रवास करण्यातच तो रमू लागला. ऑगस्ट अखेर हवाईत दौरा संपला आणि बँडही संपला. अल्बम मात्र इंग्लंड-अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला होता. लोकांनी तो क्रीमचा पुढचा भाग समजून घेतला आणि तसा तो निघाला नाही म्हणून बाजूला ठेवला, असं मला वाटतं.

मुखपृष्ठाबद्दलही विचारतात. त्याचं समर्थन मी करत नाही. अकरा वर्षांच्या मुलीचं उघड्या अंगाचं छायाचित्र छापायलाच नको होतं.

आता गाणी. 'प्रेझेन्स ऑफ द लॉर्ड' क्लॅप्टननं लिहिलं, शब्दही त्याचे, चालही त्याची, आणि गायला दिलं विनवुडला. ज्याच्या नावावर तिकिटं खपत होती, तो स्वतःची प्रार्थना दुसऱ्याच्या गळ्यात ठेवून मागे उभा राहतो. मध्येच लय बदलून त्याची गिटार उसळते, थोडंच बोलते आणि परत शांत होते. 'कान्ट फाइंड माय वे होम'मध्ये तर बेकरसारखा दणकट वादक ब्रश घेऊन इतकं हलकं वाजवतो की विनवुडचा श्वास ऐकू यावा. विनवुड तेव्हा 21 वर्षांचा होता. तार सप्तकात चढतानाही त्या आवाजात थकवा आहे, खूप चाललेल्या माणसाचा. सुपरग्रुप म्हटल्यावर जो तोरा अपेक्षित असतो, त्याच्या हे अगदी उलट आहे. मला हा अल्बम आवडतो तो यासाठी. नावाजलेली माणसं इथे एकमेकांना जागा करून देतात.

दुसरी बाजू मी पूर्ण ऐकली ती सीडीवर, बाबांबरोबर. बाबा तरुणपणी तबला शिकले होते, रॉकशी त्यांचा संबंध नव्हता. 'सी ऑफ जॉय'मध्ये ग्रेचचं व्हायोलिन आलं तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला. मग 'डू व्हॉट यू लाइक' सुरू झालं, तेच भरताड. थोड्या वेळानं पाहते तर बाबांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरतोय.

"पाच आहेत," ते म्हणाले. "दोन आवर्तनं जोड, दहा होतील. आपल्या झपतालाएवढ्या मात्रा."

मी तोवर एकदाही मोजलं नव्हतं! गाणं बेकरचं आहे आणि ते खरंच पाचात आहे. आधी विनवुडचा ऑर्गन, मग क्लॅप्टन, मग ग्रेच, शेवटी बेकर. प्रत्येकाला त्याच पाचांवरून जायचं आहे आणि पुढच्याच्या हाती ते सोपवायचं आहे. बेकरचा सोलो, म्हणजे एकट्याचं ड्रमवादन, सुरू झाल्यावर बाबांची बोटं थांबली. डोळे मिटून ते ऐकत राहिले आणि ठेका परतला तेव्हा मान हलवून म्हणाले, "आला बघ."

ते पंधरा मिनिटांचं गाणं लांब आहे, मला आजही थोडं लांबच वाटतं. एखादं सातवं गाणं असतं तर अल्बम भक्कम झाला असता, हेही खरं. पण जागा भरायला वाजवलंय, असं मी आता कधीच म्हणणार नाही.

चाहत्यांचंही मत हळूहळू बदलत गेलं. 2001 मध्ये तालमीतलं बरंच वाजवणं घालून अल्बमची मोठी आवृत्ती निघाली. फेब्रुवारी 2008 मध्ये क्लॅप्टन आणि विनवुड तीन रात्री एकत्र वाजवायला उभे राहिले, त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. या वेळी लोक हीच गाणी ऐकायला आले होते. ग्रेच 1990 मध्येच गेला होता. बेकर 2019 मध्ये गेला.

ऐकणार असाल तर दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करा. आधी 'सी ऑफ जॉय', मग ते लांब गाणं, मधे न थांबता. ऑर्गन सुरू झाला की पेरांवर पाच मोजा. पहिली बाजू त्यानंतर, रात्री, आवाज कमी ठेवून.