बुधवारची खोली

टोकियोत अ‍ॅनिमेच्या (म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या) पटकथा लिहिते असं सांगितलं की आपली माणसं दोन प्रश्न विचारतात. पहिला, "म्हणजे चित्रं काढतेस?" आणि दुसरा, "पैसे बरे मिळतात का?" पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं पुढे येईल, जरा लांबचं आहे.

कुणी विचारत नाही ते आधी सांगते. या कामात लिहिणं थोडं आणि खोलीत बसणं फार. आणि मला नेमकी खोलीचीच भीती.

साताऱ्याच्या शाळेत बाईंनी उभं करून धडा वाचायला सांगितला की माझा आवाज घशातच अडकायचा. चाळीस डोकी वळून बघताहेत म्हटल्यावर अक्षरंच दिसेनाशी व्हायची. इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षांना येत असलेली उत्तरं गिळली आणि मार्क घालवले. पुण्यात जपानी शिकले तीही वाचून आणि लिहून; संभाषणाचा तास आला की मला हमखास तहान लागायची. २००९ मध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीवर टोकियोला आले आणि बऱ्याच भारतीयांसारखी निशी-कासाईत भाड्याने राहू लागले. जपानी ऑफिसात नव्या माणसानं मीटिंगमध्ये गप्प बसावं हीच अपेक्षा असते. माझं छान निभावलं.

२०१८ साली मी संध्याकाळच्या पटकथेच्या वर्गाला नाव घातलं. कारण विचाराल तर ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे करून कंटाळले होते. वर्गात वीसेक जण होते, परदेशी मी एकटीच. शिकवायला साठीच्या एक लेखिका. सगळे त्यांना सेन्सेई म्हणायचे, मी मनात बाई म्हणायचे, अजूनही म्हणते.

तिथे पहिल्या दिवशी हातात आला तो 'पेरा'. २०० अक्षरांच्या चौकटी आखलेला कागद. पूर्वी पटकथा यावरच लिहायचे. आता सगळे संगणकावर लिहितात, पण मोजमाप अजून पेरांतच चालतं. ४०० अक्षरं म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, म्हणजे एक पेरा अर्ध्या मिनिटाचा. प्रसंग कुठे आणि केव्हा घडतो ते सांगणारी ओळ म्हणजे 'हाशिरा', शब्दशः खांब. कोण काय करतं ते सांगणारा मजकूर 'तोगाकी'. बाकी संवाद. बस, एवढंच सामान.

माझ्या पहिल्या गृहपाठात मी लिहिलं होतं, 'ती खिडकीशी उदास बसली आहे, तिला आईची आठवण येते आहे.' बाईंनी 'उदास' आणि 'आठवण' या दोन्ही शब्दांभोवती लाल गोल काढले आणि बाजूला लिहिलं, "हे चित्रकाराने कसं काढायचं?" खरंच, कसं काढायचं? जे दिसत नाही आणि ऐकू येत नाही ते पटकथेत लिहायचं नाही. विशेषणांवर पोसलेल्या माझ्यासारख्या मराठी मुलीला हा उपासच होता. तीन महिन्यांनी मी लिहिलं, 'ती चहाचा कप उचलते. न पिता खाली ठेवते.' या वेळी लाल गोल नव्हता.

वर्षभराने बाईंनी विचारलं, त्यांच्या मालिकेच्या बैठकीत टिपणं काढायला येशील का? बुधवारी संध्याकाळी, सुगिनामी वॉर्डातल्या एका स्टुडिओत. तोवर जपानमध्ये दहा वर्षं होऊन कायम वास्तव्याचा परवाना हातात आला होता, त्यामुळे नोकरीबाहेरचं काम करताना व्हिसाची कटकट उरली नव्हती. टिपणंच काढायची आहेत, बोलायचं नाही, असा हिशोब करून हो म्हटलं.

या बैठकीला 'होन्योमी' म्हणतात, म्हणजे संहितेचं वाचन. मोठ्यानं कुणी काही वाचत नाही. लांबट टेबलाभोवती दहा-अकरा माणसं: दिग्दर्शक, स्टुडिओचा निर्माता, वाहिनीचा माणूस, मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा, छापणाऱ्या प्रकाशनाचा संपादक, संगीत कंपनीची बाई. अ‍ॅनिमेला बहुधा एकच कंपनी पैसे घालत नाही. चार-सहा कंपन्या मिळून निर्मिती समिती करतात, आणि त्यातल्या प्रत्येकाचं मत पटकथेवर पडतं. मालिकेचा सगळा आराखडा सांभाळणारा मुख्य लेखक वेगळा, तिथे त्या आमच्या बाई होत्या. एकेका भागाचा लेखक आणखी वेगळा. आधी प्लॉट, मग पहिला खर्डा, दुसरा, तिसरा, लागले तर पुढचेही, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या की 'केत्तेइको', म्हणजे पक्की प्रत. तोवर दर आठवड्याला लेखकानं येऊन बसायचं.

माझ्या पहिल्या बुधवारी पन्नाशीतल्या एका लेखकाचा दुसरा खर्डा होता. वाचून झाल्यावर कुणीच बोलेना. पानं उलटल्याचा आवाज, मग तोही थांबला. दिग्दर्शक नुसता "उऽऽन" म्हणाला. हा "उऽऽन" फार वाईट. त्यानंतर दोन तास त्या माणसाचा भाग उलगडत गेला, शेवटी नायिकेचं नाव तेवढं जागेवर राहिलं. तो प्रत्येक वेळी "हो, कळलं" म्हणत लिहून घेत होता. मध्ये पाच मिनिटं सुट्टी झाली तेव्हा तो जिन्याजवळच्या मशीनपाशी उभा होता. गरम कॉफीचा डबा विकत घेऊन त्यानं तो उघडला नाही, आधी उजव्या डोळ्यावर धरला, मग डाव्या. परत आला आणि तिसऱ्या खर्ड्याची तारीख विचारली.

घरी जाताना ट्रेनमध्ये ठरवलं, हे आपलं काम नाही.

माझं मत बदललं ते मारी ओकादामुळे. अ‍ॅनिमे बघणाऱ्यांना हे नाव सांगायला नको. २००८च्या 'तोरादोरा'ची आणि २०११च्या 'आनोहाना'ची मुख्य लेखिका, २०१८ मध्ये स्वतः चित्रपटही दिग्दर्शित केला. जन्म १९७६चा, टोकियोशेजारच्या सैतामामधल्या चिचिबू गावचा. शाळेत छळ झाला आणि ती शाळेत जायचीच बंद झाली, तेही महिना-दोन महिने नव्हे, कित्येक वर्षं. घर, आई आणि चारी बाजूंना डोंगर. नंतर टोकियोत येऊन गेमच्या कथालेखनाचं शिक्षण, थेट व्हिडिओवर निघणाऱ्या चित्रपटांसाठी लेखन, आणि १९९८ पासून अ‍ॅनिमे. हे सगळं तिनं २०१७ मध्ये आत्मचरित्रात लिहून टाकलं. मी ते पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन सहा आठवडे वाचलं.

वाचताना मला एकच कोडं होतं. जी मुलगी वर्गात पाऊल टाकू शकत नव्हती, ती या बुधवारच्या खोलीत कशी बसली असेल?

२०१९च्या नोव्हेंबरात चिचिबूला जाऊन आले. इकेबुकुरोहून सेइबूच्या गाडीने दीड तासाच्या आत. 'आनोहाना'तला जुना पूल बघायला आलेली पोरं फोटो काढत होती. त्या मालिकेचा नायकही शाळा सोडून घरात बसलेलाच. मला मात्र लक्षात राहिला तो बुको डोंगर. गावाच्या डोक्यावर उभा आहे आणि एक अख्खी बाजू पायऱ्या पायऱ्यांनी कापलेली. सिमेंटसाठी चुनखडी काढतात. साताऱ्यात मी अजिंक्यताऱ्याकडे बघत मोठी झाले. कुणी रोज तो थोडा थोडा कापून नेला असता तर? इथल्या माणसांनी ते बघतच वर्षं काढली आहेत.

त्या कोड्याचं माझ्यापुरतं उत्तर मला परतीच्या गाडीत सापडलं. ओकादाबाईंना पटेल का, माहीत नाही. वर्गात सगळे तुमच्या तोंडाकडे बघतात. होन्योमीत सगळे कागदाकडे बघतात. मार पडतो, पण कागदाला पडतो. तोंड लपवायला याहून चांगली जागा नाही.

मग कोरोना आला आणि खोलीच गेली. एप्रिल २०२० पासून होन्योमी झूमवर. कॅमेरा बंद ठेवायची मुभा! जगभरची माणसं हळहळत होती तेव्हा मी गुपचूप सुखात होते, हे कबूल करते. त्याच सुखात मी बाईंना प्लॉट पाठवायला लागले. पाच नाकारले गेले. २०२१च्या मार्चमध्ये सहावा लागला: बारा भागांच्या मालिकेतला आठवा भाग.

गोष्ट साधी. पंधरा वर्षांची मुलगी पहाटे घर सोडून जाते. आजी स्वयंपाकघरात पाठमोरी मुळा चिरते आहे.

एप्रिलच्या शेवटी दादाचा फोन आला, बाबांना ऑक्सिजन लावलाय. दुसरी लाट. साताऱ्यात खाट मिळवायला दादानं काय केलं ते तो आजही नीट सांगत नाही. मला जायचं होतं. मे महिन्यात जपाननं भारतातून येणाऱ्या परदेशी रहिवाशांना दार लावलं. गेले असते तर परत कधी घेतील, कुणी सांगत नव्हतं. नोकरी, घर, सगळं इथे. दादा म्हणाला, "येऊन तरी काय करणारेस? आम्हालाही आत सोडत नाहीत." मी गेले नाही. बरोबर केलं का, हा प्रश्न मी आता स्वतःला विचारायचा बंद केला आहे, उत्तर मिळालं म्हणून नव्हे.

तेव्हा रात्री दीडला, भारतात दहा वाजता, दादाचा फोन यायचा. तोवर जागं राहायचं म्हणून खर्डा लिहायचे.

जपानी माणूस घरातून निघताना 'इत्तेकिमासु' म्हणतो. शब्दशः 'जाऊन येते'. घरातला म्हणतो 'इत्तेराश्शाई', जाऊन ये. आपल्यासारखंच, आपणही 'जाते' म्हणत नाही. २०२०च्या जानेवारीत साताऱ्याहून निघताना रिक्षा खोळंबली होती, मी घाईत म्हटलं, "आई, जाते गं." ती पायरीवरून ओरडली, "येते म्हण, येते!" मी रिक्षातून मान काढून म्हटलं, येते.

माझ्या भागातल्या मुलीला मी 'इत्तेकिमासु' म्हणायला लावलं नाही. ती नुसतं 'इकिमासु' म्हणते. जाते. आणि तोगाकीत एक ओळ: 'आजीची सुरी थांबते.'

पहिल्या खर्ड्यावर संपादक म्हणाला, प्रेक्षकांना वाटेल लेखिका परदेशी आहे म्हणून चुकली. झूमवर शांतता. तोच "उऽऽन". मी कॅमेरा बंद ठेवून बसले होते. मग, का कोण जाणे, माइक सुरू केला आणि म्हटलं, "चुकलेलं नाही. आमच्या भाषेतही असं म्हणत नाहीत. म्हणूनच आजीला कळतं." आवाज कापत होता. बाई फक्त म्हणाल्या, "सुरी थांबते ना, मग प्रेक्षकांनाही कळेल." ओळ राहिली. दुसऱ्या खर्ड्यात रेल्वे स्टेशन गेलं, तिसऱ्यात मित्र गेला, चौथ्यात शेवट बदलला. पाचवा पक्का झाला जूनमध्ये, बाबा घरी येऊन तीन आठवडे झाले होते.

ऑगस्टमध्ये स्टोरीबोर्ड आला. पटकथेवरून चौकट चौकट चित्रं काढून कॅमेरा ठरवणारा माणूस वेगळा, आणि त्याला बदल करायची मोकळीक असते. त्यानं माझी ओळ काढून टाकली होती. मुलगी दारात तोंड उघडते, बोलत काहीच नाही, वळते. सरकत्या जुन्या दाराची खडखड. आजीची सुरी थांबते.

तीन दिवस मी बाईंचे फोन घेतले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी दोनच ओळींचा मेल पाठवला: "ती ओळ तू लिहिली होतीस म्हणून त्याला ती काढता आली. न लिहिलेली ओळ कुणाला काढता येत नाही." तेव्हा हे समजूत घालणं वाटलं. आवाज आणि रंग चढल्यावर बघितलं तेव्हा मान्य करावं लागलं, त्याचं बरोबर होतं. आजही थोडं दुखतं.

आता पैसे. त्या भागाचे मिळाले ते माझ्या नोकरीच्या महिन्याच्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास, आणि त्यातूनही मानधनावरचा १०.२१ टक्के कर आधीच कापलेला. काम मार्च ते जून. पैसे पुढच्या एप्रिलात. करार वगैरे काही नव्हता, कुणी विचारलं नाही, मीही नाही. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून इन्व्हॉइसची पद्धत आली. वर्षाला एक कोटी येनांच्या आतली उलाढाल असलेल्यांना उपभोग कर भरावा लागत नव्हता, त्यांनी नोंदणी करून भरायचा, नाहीतर देणाऱ्या कंपनीला त्याची पुरती वजावट मिळत नाही. मग कंपनी हळूच विचारते, नोंदणी केलीत का? माझ्या ओळखीच्या दोघींनी त्याच हिवाळ्यात लिहिणं थांबवलं. १ नोव्हेंबर २०२४ पासून मात्र स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठीचा कायदा लागू झाला: अटी लेखी द्यायच्या आणि काम हाती आल्यापासून ६० दिवसांच्या आत पैसे चुकते करायचे. अलीकडे मला मेलवर अटी येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्या छापून फ्रिजवर लावल्या होत्या. नोकरी मी सोडलेली नाही, आठवड्याचे चार दिवस करते. बुधवार मोकळा ठेवते. खोली पुन्हा खरीखुरी झाली आहे, कॅमेरा बंद करता येत नाही, आणि मशीनमधली गरम कॉफी मलाही डोळ्यांवर धरता येते.

आठवा भाग लागला २०२२च्या फेब्रुवारीत, रात्री दीडला. साताऱ्यात दहा. व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर पुस्तकांच्या चळतीवर उभा केला. पलीकडे आई, बाबा, दादा, वहिनी एका सतरंजीवर. जपानी कुणालाच येत नाही. नाव आलं, काताकाना लिपीत, मी बोट लावून दाखवेपर्यंत गेलंसुद्धा.

संपल्यावर आई म्हणाली, "छान होतं गं. पण त्यातलं तू काय लिहिलंस?"

"ती पोरगी निघताना दार वाजतं ना, खडखड? ते."

"अगं, ते नाही ऐकू आलं," आई म्हणाली. "नेमका तेव्हा ह्यांना खोकला आला."