तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

'त्या चिनी देवळात तुम्ही अजून जाता?' चिनी नववर्ष आलं की कुणीतरी विचारतंच, तेही आवाज खाली आणून. जाते. त्यात दबक्या आवाजात बोलण्यासारखं काय आहे?

देऊळ माझगावचं, नवाब टँक रोडवर. १९१९ मध्ये सी यप लोकांनी बांधलेलं. सी यप म्हणजे चार तालुके, कॅन्टनकडचे. तिकडून जहाजांवर आलेल्यांत माझे आजोबा होते. बाबा गोदीत सुतार, आई लालबागची. देवळात खाली करुणेची देवी क्वान यिन. वरच्या मजल्यावर क्वान कुंग, एकेकाळचा सेनापती, दिल्या शब्दाला जागणारा. पुढच्या गोष्टीत माझी गाठ याच्याशी आहे.

१९६२चा नोव्हेंबर, चीनशी युद्धाचे दिवस. मी सात वर्षांची. बाबांना दर आठवड्याला पोलिसांत हजेरी. आसाम-बंगालकडच्या चिनी कुटुंबांना राजस्थानात देवलीच्या छावणीत नेताहेत, हे घरात कुजबुजत चालायचं. शाळेत माझं नाव मराठी, पण चेहरा कुठे लपवणार? मुलींनी विचारलं तेव्हा म्हटलं, "आम्ही नेपाळी."

त्या रविवारी बाबांबरोबर देवळात गेले. क्वान कुंगसमोर बांबूची नळी, आत आकडे घातलेल्या काड्या. मनात प्रश्न धरून नळी खुळखुळवायची. जी काडी घसरून पडेल, तिच्या आकड्याची चिठ्ठी म्हणजे उत्तर. मी मनात विचारलं, खोटं पकडलं जाईल का? काडी पडली. चिठ्ठी चिनीत, वाचणार बाबाच.

"काय विचारलंस?"

"परीक्षेत पास होईन का."

त्यांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग घडी करून खिशात टाकली. "होशील."

झाले. मॅट्रिकपर्यंत नेपाळीच होते. बाबांबरोबर देवळात जाणंही सोडलं. ते एकटे जायचे, येताना माझ्यासाठी एक संत्रं आणायचे.

सात वर्षांची पोर दुसरं काय करणार, असं स्वतःला समजावत आले. पण सोळाव्या वर्षीही तेच सांगत होते, ते कशात बसवू? आणि २०२० मध्ये, गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर, लिफ्टमध्ये एका बाईंनी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" साठी ओलांडलेली मी. 'नेपाळी' अगदी ओठांवर आलं होतं. "लालबागची," म्हटलं. खोटं थोडंच आहे?

बाबा गेल्यावर पुन्हा जायला लागले. खाली उदबत्ती लावते, वर जाते, हात जोडते. नळीला हात लावत नाही.