तात्यांचा प्रश्न: मशीन चालू व्हयनं का?

दर रविवारी इथे फ्रान्समध्ये सकाळचे अकरा वाजले की तात्यांचा व्हिडिओ कॉल येतो. गावात तेव्हा दुपारच्या चहाची वेळ. आधी छताचा पंखा दिसतो, मग कपाळ, मग हळूहळू तात्या. नातीची चौकशी, जावयाची चौकशी, आणि मग ठरलेला प्रश्न: "काय वं माय, तुम्हनं मशीन चालू व्हयनं का?"

मशीन म्हणजे 'ईटर', मी जिथे काम करते ते प्रयोगाचं यंत्र. गेली आठ वर्षं माझं उत्तर तेच. नाही तात्या, अजून नाही.

आधी मी त्यांना २०२५ साल सांगायचे. मग २०२४ मध्ये नवं वेळापत्रक आलं. आता संशोधनाला सुरुवात २०३४ मध्ये आणि खऱ्या इंधनावरचे प्रयोग २०३९ मध्ये. हे ऐकून तात्यांनी बोटं मोजून आपलं तेव्हाचं वय काढलं आणि म्हणाले, "आम्हनं पाटनं पानी बी तव्हयच ई." आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात, मुडावदच्या अलीकडे. तापी डोळ्यांसमोरून वाहते आणि शिवार कोरडं. उपशाच्या पाण्याची वाट बघण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे रखडलेल्या सरकारी कामांची समज त्यांना माझ्यापेक्षा जास्त आहे.

गावाकडून मेसेज येतात की ताई, तू तिकडे नेमकं काय करतेस ते एकदा नीट लिही. म्हणून हे.

मी राहते मानोस्कला, फ्रान्सच्या दक्षिणेला. द्युरान्स नदीच्या खोऱ्यातलं छोटं गाव, आजूबाजूला ऑलिव्हची झाडं आणि द्राक्षाचे मळे. तिथून रोज कादाराशला जाते. तिथेच हे 'ईटर' उभं राहतंय. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा निघते, तेच पृथ्वीवर जमतं का ते बघायचं. त्यासाठी आतला वायू १५ कोटी अंशांपर्यंत तापवायचा. एवढी उष्णता कुठलंच भांडं सोसणार नाही, म्हणून त्या वायूला चुंबकांनी अधांतरी धरून ठेवायचं. आणि ती चुंबकं तेव्हाच नीट चालतात जेव्हा ती उणे २६९ अंशांना गार असतात. म्हणजे काही मीटरच्या अंतरात अतोनात तापलेलं आणि अतोनात गारठलेलं शेजारी-शेजारी. आत ५० मेगावॅट उष्णता घालून ५०० मेगावॅट मिळवायची, हे ध्येय. वीज मात्र यातून विकली जाणार नाही. हा प्रयोग आहे, वीजकेंद्र नव्हे. तात्यांना हे अजून पटलेलं नाही.

माझं काम त्यातलं मोजण्याचं. तिवईवर एक लेझरचं डोकं असतं, समोर वस्तूवर लिंबाएवढा आरशाचा गोळा टेकवायचा, आणि किरण जाऊन परत आला की अंतर कळतं. दिवसभर गोळा टेकव, आकडा घे, पुढे सरक. ऐकायला कंटाळवाणं आहे आणि आहेही. पण पोलाद जिवंत असल्यासारखं वागतं. २९ मीटर रुंदीचं पोलाद दहा अंशांनी तापलं तर जवळपास ५ मिलिमीटर फुगतं. सकाळी घेतलेलं माप दुपारी खोटं ठरतं. म्हणून आकड्याशेजारी तापमान लिहिल्याशिवाय आमचं माप कुणी कागदावर घेत नाही.

हा २९ मीटरचा आकडा उगीच नाही दिला. या सगळ्या यंत्राला बाहेरून एक भलंमोठं थर्मास लागतं, आतली हवा काढून टाकलेलं, म्हणजे थंडावा टिकतो. त्याला म्हणतात क्रायोस्टॅट. २९ मीटर उंच, तेवढंच रुंद, ३,८५० टन पोलाद. ते भारताने दिलं. आणि बनलं कुठे? हजिऱ्याला. सुरतेच्या पुढे, जिथे आपली तापी समुद्राला मिळते तिथे.

मला हे कळलं तेव्हा मी इथे नवी होते. अख्खा क्रायोस्टॅट काही जहाजावर चढत नाही, म्हणून तो ५४ तुकड्यांत इथे आला. बोटीने भूमध्य समुद्रापर्यंत, मग खास रुंद केलेल्या रस्त्याने रात्री-रात्री शंभरेक किलोमीटर. साइटवरच्या एका मोठ्या शेडमध्ये ते तुकडे जोडले. एका तुकड्याच्या आतल्या बाजूला गोळा टेकवताना मला पेंटच्या मार्करने लिहिलेलं दिसलं: 'हात लावू नका'. मराठीत! गुजराती नव्हे, हिंदी नव्हे. मी तिथेच हसत बसले. शेजारच्या इटालियनला वाटलं माप चुकलं.

पण ज्याला भुसावळ–सुरत पॅसेंजर माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, प्रत्येक स्टेशनावर डबा भरत जातो आणि सुरतेला रिकामा होतो. आपल्या भागातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तिकडे आहे. माझी पहिली नोकरीही सुरतेतलीच. ते अक्षर कुणाचं ते मला कधीच कळणार नाही, पण हात खान्देशी होता यावर मी पैज लावायला तयार आहे.

आता मुद्द्याचं. तात्यांनी एकदा सरळ विचारलं, यात आपलं सरकार पैसा का घालतं? तेवढ्यात किती पाटचाऱ्या झाल्या असत्या?

प्रश्न रास्त आहे. ईटरची कल्पना मांडली गेली १९८५ मध्ये, जिनिव्हात रेगन आणि गोर्बाचेव्ह भेटले तेव्हा. करारावर सह्या झाल्या २००६ मध्ये पॅरिसला. सात भागीदार: युरोपियन युनियन, भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, रशिया आणि अमेरिका. बांधणीत युरोपचा वाटा ४५.६ टक्के, बाकी सहा जणांचा प्रत्येकी ९.१ टक्के. पण हा वाटा बहुतेक रोख द्यायचाच नसतो. वस्तू बनवून द्यायच्या. आणि जे ज्ञान निघेल ते सातही जणांना पूर्ण मिळतं, ९.१ टक्केच नव्हे.

मी हे समजावत होते तर तात्याच म्हणाले, "मंग हाई ते भंडारानं गत शे."

आमच्याकडे हनुमान जयंतीचा भंडारा असतो. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. वर्गणीचे पैसे थोडे, बाकी सगळा शिधा. कुणाकडून गहू, कुणाकडून तुरीची डाळ, कुणाच्या मळ्यातली वांगी, दोंडाईच्याच्या मिरच्या, कुणी जळण, कुणी मोठं पातेलं. ज्याच्या घरचं जे चांगलं ते त्याने द्यायचं. आणि पंगतीला सगळे.

हे उदाहरण मी नंतर इथे एका मीटिंगमध्ये वापरलं आणि ते बरंच फिरलं. पण ते तात्यांचं आहे, माझं नाही.

फक्त एक फरक आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. भंडाऱ्यात वांगी एकाच मळ्यातली घेतली तर बरंच, कुणी तक्रार करत नाही. ईटरमध्ये मात्र अवघड वस्तू मुद्दाम वाटून बनवल्या. मधलं निर्वात पात्र, ज्यात तो तापलेला वायू राहणार, नऊ तुकड्यांचं, त्यातले पाच युरोपने बनवायचे, चार कोरियाने. पात्राभोवतीची उभी मोठी चुंबकं एक जादाचं धरून एकोणीस, दहा युरोप, नऊ जपान. पात्राच्या भिंतीच्या पोटात भरायचे पोलादी ठोकळे भारतातून गेले, कोरियाला आणि युरोपलाही. एकाच कारखान्याला सगळं दिलं असतं तर स्वस्त पडलं असतं, लवकर झालं असतं. पण मग ते बनवायला एकच जण शिकला असता. बाकीच्यांनी फक्त पैसे मोजून उद्घाटनाचे फोटो काढले असते. सरकारांना शिकायचं होतं, म्हणून हा उरफाटा कारभार.

याची किंमतही मोजावी लागते. एका वर्षी आमच्या भंडाऱ्यात एका घराने गव्हाचं पीठ पोळीसारखं बारीक दळून आणलं. बट्टीला भरड लागतं, तर ती उकडून तळल्यावर अशी चिवट झाली की म्हाताऱ्यांनी वरणच खाल्लं. गहू चांगला, दळण चांगलं, फक्त बाकीच्यांशी जुळणारं नाही. २०२२ च्या अखेरीस इथे असंच जाहीर झालं. निर्वात पात्राच्या तुकड्यांच्या कडा आराखड्याशी तंतोतंत जुळत नव्हत्या आणि चुंबकांना उष्णतेपासून वाचवणाऱ्या थंड पडद्याच्या नळ्यांना गंजून भेगा पडल्या होत्या. त्या वर्षी मे महिन्यात यंत्राच्या खड्ड्यात उतरवलेला हजार टनांहून जड भाग २०२३ च्या जुलैमध्ये पुन्हा वर काढावा लागला. आम्ही टाळ्या वाजवून उतरवलेला भाग. तो वर येताना कुणी बोलत नव्हतं. दुरुस्त्या झाल्यावर पहिला भाग खाली गेला तो २०२५ च्या एप्रिलमध्ये.

त्या दिवसांत मला वाटायचं, हे सगळं मोडणार. मोडलं नाही. का, याचं माझ्याकडे असलेलं उत्तर एवढंच: कुणालाच आपली वस्तू परत नेता येत नाही.

२०२० चं सांगते. मे महिन्याच्या शेवटी क्रायोस्टॅटचा तळ, १,२५० टनांचा, दोन क्रेननी मिळून खड्ड्यात उतरवला. कोरोनामुळे बघायला मोजकी माणसं. जूनमध्ये गलवानच्या बातम्या. गावाकडच्या ग्रुपवर चिनी मोबाइल फोडायचे व्हिडिओ फिरत होते. त्याच जूनच्या शेवटी इथे चुंबकाचं एक मोठं कॉइल पोहोचलं, दहा मीटर व्यासाचं, युरोपसाठी चीनमधल्या हफेईत बनलेलं. पुढच्या एप्रिलमध्ये ते खड्ड्यात उतरलं. कुठे ठेवलं? भारताने बनवलेल्या तळात. दुसरीकडे जागाच नाही. त्याच्या मापासाठी हफेईची एक मुलगी आणि मी शेजारी उभ्या होतो. ती कॉइलचा आकडा वाचायची, मी तळाचा. राजकारणावर आम्ही एक शब्द बोललो नाही. जेवणात मी तिला लिंबाचं लोणचं दिलं, तिला ते खारट वाटलं. इतकंच.

आमच्या गावात दोन भाऊबंदांचं बांधावरून कोर्टात चाललंय. पंचवीस वर्षं एकमेकांच्या दारात गेलेले नाहीत. पण भंडाऱ्याला पातेलं एकाचं आणि झारा दुसऱ्याचा. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यानंतरही रशियाच्या वाट्याच्या वस्तू इथे येत राहिल्या, तेव्हा मला त्या दोघांची आठवण झाली.

आणि पैशाचं म्हणाल तर, आपल्या वाट्यातला मोठा भाग आपल्याच कारखान्यांत खर्च झाला. तात्या म्हणाले, "म्हंजे पैसा घरमाच ऱ्हायना." बराचसा, तात्या. पाटचारीचा प्रश्न तरीही उरतोच, तो मी टाळत नाही. जेवणाची आणि शिकण्याची वर्गणी एकाच खिशातून जाते तेव्हा कुणाचं तरी ताट आखडतं.

ही रीत ईटरपुरती नाही. जिनिव्हाजवळ सर्न या अणूच्या आतल्या कणांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात अवजड चुंबकं ज्या जॅकवर टेकली आहेत, ते ७,०८० जॅक भारतातून गेले. त्यावर काम केलं अणुऊर्जा विभागाच्या इंदूरच्या केंद्राने. शिरपूरवरून आग्रा रोडने सरळ गेलं की इंदूर. हिंगोलीला अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होतेय, तिथे उपकरणं अमेरिकेची आणि जागा, इमारती आपल्या. मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले. म्हणजे शिधा दोन्ही बाजूंनी येतो-जातो.

थोडं घरचं. इथल्या आठवडी बाजारात वांगी मिळतात, जांभळी, चकचकीत, चव नाही. ओव्हनमधलं भरीत म्हणजे उकडलेला लगदा. कपाशीच्या काड्या कुठून आणायच्या? एका फ्रेंच शेजाऱ्याने द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या दिल्या, ते लोक त्यावर मांस भाजतात. त्यावर वांगी भाजली आणि पहिल्यांदा घरात तो वास आला. नवरा पुण्याचा, त्याने त्यात चिमूटभर साखर घातली. त्यावर मी इथे काही लिहीत नाही.

गेल्या रविवारी तात्यांना साइटचे फोटो दाखवत होते. एका फोटोत मागे पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी प्रचंड दिसत होतं. ते काय, म्हणाले. मी म्हटलं, थर्मासचं झाकण. आपणच दिलेलं. आतलं सगळं भरून झाल्याशिवाय लावता येत नाही, म्हणून बाहेर ठेवलंय.

तात्यांनी चष्मा वर करून फोटो जवळ घेतला. "उनमा नका ठेवू वं माय. वाकडं व्हई जाई."

मी हसले. तापमान, आधार, कापड, सगळ्याचा हिशेब केलेला असतो असं सांगितलं. सोमवारी सकाळी मात्र गाडी लावून मी मुद्दाम लांबच्या वाटेने, झाकणाच्या बाजूने चालत आत गेले.